बटव्याची नाडी

पाय मुरगळला नव्हता. गेल्या श्रावणात दादरला पुतणीच्या पहिल्या मंगळागौरीला बसफुगडी अर्धवट टाकून मी भिंतीकडेच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि "पाय मुरगळला गं" असं सगळ्यांना सांगितलं, ते साफ खोटं होतं. खोटं निभवायला पुढे दोन दिवस घरात लंगडले. नवऱ्याने केमिस्टकडून क्रेप बँडेज आणलं, तेही निमूट बांधून घेतलं.

खरी गोष्ट अशी. झिम्मा झाला, पिंगा झाला, तोवर ठीक होतं. बसफुगडीला उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकायचा, समोर जाऊबाई, दोघींना हसू आवरेना, आणि तिसऱ्या-चौथ्या झटक्याला खाली लघवीचा गरम ओघळ जाणवला. थेंब नव्हे, ओघळ. आत पॅड होतं, त्याने घेतलं तेवढं घेतलं, बाकीचं नऊवारीच्या काष्ट्यात. साडी पोपटी. पोपटी रंगावर ओल किती लांबून दिसते याचा विचार ती घेताना कोण करतं? मग खुर्ची धरली ती शेवटपर्यंत. आरतीला सगळ्या उभ्या, मी एकटी बसून, आणि सासूबाईंची नजर माझ्या धडधाकट पायावर.

मी ५१ वर्षांची. राहायला मुलुंड पूर्वेला, नोकरी फोर्टला बँकेत. हे दुखणं त्या दिवशी उगवलं नव्हतं, सहा-सात वर्षं मुरत होतं. आधी फक्त शिंकेला, तेही सर्दी असली तरच. मग खोकल्याला, मग खळखळून हसताना, मग गाडी पकडायला जिना उतरताना. दोन वर्षांपूर्वी पाळी गेली आणि त्यात आणखी एक भर पडली: अचानक अशी घाईची लागायची की दाराशी पर्समध्ये किल्ली सापडेपर्यंत दम निघायचा नाही. पाळी गेली, पॅडचा खर्च वाचला असं मनातल्या मनात म्हणून झालं असेल-नसेल, तोच पुन्हा पॅडच्या कपाटापुढे उभी.

लोकलला शौचालय नसतं. मुलुंड ते सीएसएमटी फास्ट मिळाली तर पाऊण तास, आणि पावसात रुळांवर पाणी आलं की गाडी कुठे किती वेळ उभी राहील ते सांगता येत नाही. म्हणून घरून निघताना एकदा, बँकेत पोचल्यावर एकदा, मीटिंगच्या आधी एकदा, जेवणाच्या आधी एकदा, निघताना एकदा. लागलेली असो-नसो, "असू दे, जाऊन येते." सकाळचं पाणी बंदच. उठल्यावर कपभर चहा, त्यानंतर अकरापर्यंत घोटभरही नाही. मुंबईत बायकांना स्वच्छ आणि फुकट मुतारी मिळावी म्हणून २०११ मध्ये राइट टू पी ही मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्या लेडीज डब्यात त्या नावावरून बरीच हसाहस झाली होती. हसणाऱ्यांत मीही होते. तेव्हा बिनघोर हसता येत होतं.

कोणाशी बोलायचं? आईच्या शेवटच्या काही वर्षांत तिच्या खोलीत जुन्या सुती साडीच्या चौकोनी घड्या असायच्या, धुतल्यावर त्या मागच्या गॅलरीत वेगळ्या दोरीवर वाळत असत. ते कशासाठी, हे मी तिला कधी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मला कळलं तेव्हा ती नव्हती.

उपाय मी केले नव्हते असं नाही. मोबाइलवर बघून केगेलचे व्यायाम दोन वर्षं केले. केगेल हे डॉक्टरांचं आडनाव. आर्नोल्ड केगेल हे अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ, त्यांनी १९४८ मध्ये या व्यायामांवर लिहिलं. व्हिडिओतली बाई गोड हसत सांगायची, आवळा, दहा मोजा, सोडा. मी आवळत होते. डब्यात उभ्या-उभ्या आवळत होते, काउंटरवर पासबुकं छापताना आवळत होते, दिवसाला शंभर भरायचे. फरक शून्य. दोन वर्षांनी निष्कर्ष काढला की व्यायाम बरोबर आहे, मीच कामातून गेलेली आहे.

मंगळागौरीनंतर दिवाळीपर्यंत टाळलं. मग एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "वय झालं की होतंच. पाणी कमी प्या." पाणी मी आधीच कमी पीत होते, ते आणखी कमी केलं आणि आठवड्यात लघवीला जळजळ सुरू झाली. दुसरीकडे चौकशी केली तर मशीनवरच्या बारा सिटिंगचं पॅकेज, पैसे आगाऊ. तिसऱ्या डॉक्टरीणबाई मात्र शांतपणे बसल्या. लघवीची तपासणी, साखर, सोनोग्राफी करून घेतली, लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते तेही मोजायला लावलं. जळजळीवर औषध दिलं. भरल्या पिशवीने टेबलावर खोकायला लावलं. मग म्हणाल्या, "दोन्ही प्रकार आहेत तुम्हाला, दाबाने सुटणारी आणि घाईची. ऑपरेशनचं नंतर बघू. आधी तीन महिने फिजिओथेरपी." मी म्हटलं, व्यायाम करून झालेत. त्या म्हणाल्या, "कोणी तपासून शिकवले होते का?"

तपासून? कुठे तपासून?

दादरला जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तो दवाखाना. लाकडी जिना, खाली पूजेच्या साहित्याचं दुकान. फिजिओ मॅडम माझ्या लेकीपेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठ्या, सांगलीकडच्या. पहिल्या भेटीत त्यांनी मला झोपवलं-बिपवलं नाही, पाऊण तास नुसतं बोलल्या. बाळंतपणं किती, कशी? दोन, पहिलीला बाळ ओढून घ्यायला चिमटा लावला होता, लेक साडेतीन किलोची. पोट साफ होतं का? नाही. जोर करता का? हो. खोकला? हिवाळ्यात धुळीने महिनाभर. बादल्या उचलता का? पाण्याची वेळ सकाळी सहाची, तर उचलते. चहा? पाच कप. त्या लिहीत होत्या आणि मला वाटत होतं, ही मुलगी माझ्या दोषांची यादी करतेय. दोषांची नव्हती ती. चिमट्याचं ऐकून त्यांनी पेन थांबवलं आणि म्हणाल्या, "मग त्या स्नायूंनी बरंच सोसलंय की ताई. चोवीस वर्षं कुणी विचारलंच नाही व्हय तुम्हाला?"

विचारलं नव्हतं खरं. बाळंतपणानंतर मला बाळंतविडा मिळाला, डिंकाचे लाडू मिळाले, चाळीस दिवस शेक-शेगडी मिळाली. खालच्या स्नायूंचं कोणी काही बोललं नाही.

त्यांनी प्लास्टिकचा कमरेचा सांगाडा काढला आणि दाखवलं. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी टांगलेली असते. तीत तीन वाटा, लघवीची, योनीची, शौचाची. वर लघवीची पिशवी, गर्भाशय, आतडं यांचं ओझं. शिंक आली की पोटातला दाब धाडकन खाली येतो, त्याच्या आधी झोळी आवळली गेली तर वाट बंद राहते. सैल पडली असेल किंवा आवळायला उशीर झाला तर ओघळ. आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, तिथली त्वचा-अस्तर पातळ पडतं, त्यामुळे जे आधी झाकलं जात होतं ते उघडं पडतं.

घरी जाताना हातात एक तक्ता दिला. तीन दिवस, किती वाजता किती प्यायले, किती वाजता किती झाली, मापाच्या मगमध्ये मोजून मिलिलिटरमध्ये लिहायचं. सुटली तर काय करताना सुटली. बँकेच्या बाथरूममध्ये पर्समधून मापाचा मग काढताना काय वाटतं ते लिहीत नाही, कल्पना करा. तक्ता भरल्यावर मात्र माझे डोळे उघडले. दिवसाला चौदा वेळा. बऱ्याचदा ८०, ९०, १०० मिलिलिटर. मोठ्या माणसाची पिशवी ४००-५०० पर्यंत आरामात धरते आणि दिवसाला सहा-आठ वेळा जाणं हे सर्वसाधारण. मॅडम म्हणाल्या, "पिशवी लहान नाही तुमची. तुम्ही तिला पाव भरली की उठायची सवय लावली. आता पाव भरली की ती हाका मारती." पाणी कमी पिण्याचंही असंच. लघवी घट्ट झाली की पिशवीला आतून टोचते, मग घाई आणखी वाढते. म्हणजे ज्या दोन गोष्टी मी स्वतःला वाचवायला करत होते, त्या दोन्हींनी मी स्वतःच खड्डा खणत होते.

दुसऱ्या भेटीत तपासणी. तिच्याविषयी सविस्तर लिहिते, कारण बहुतेक जणी इथूनच परत फिरतात, मीही फिरणार होते.

पडदा, वर खडखडणारा पंखा, अंगावर चादर. त्यांनी आधी काय करणार ते सांगितलं, चालेल का विचारलं, आणि "कधीही थांबा म्हणालात तर तिथंच थांबते" असं म्हणाल्या. उताणं, गुडघे वर. हातमोजा, जेल, एक बोट. दुखलं नाही. लाज वाटली, ती मिनिटभर. मग त्या म्हणाल्या, "आता आवळा बघू, जसं रोज करता तसं." मी दोन वर्षांचा सराव पणाला लावून आवळलं. दात आवळले, ढुंगण आवळलं, पोट आत घेतलं, श्वास कोंडला.

"सोडा," त्या म्हणाल्या. "ताई, तुम्ही बाहेर ढकलताय."

"म्हणजे?"

"शौचाला जोर करता ना, तसं. माझं बोट बाहेर यायला लागलं. आत ओढलं जायला पाहिजे, उलटं चाललंय."

दोन वर्षं. दिवसाला शंभर. उलटं.

मला रडू आलं आणि त्याच वेळी हसू आलं. मॅडमनी हात काढला, टिश्यू दिला आणि म्हणाल्या की असं पुष्कळ जणींचं होतं, नुसतं ऐकून हा स्नायू सापडत नाही, कारण तो दिसत नाही. दंड फुगवला तर आरशात दिसतो. हा कुठल्या आरशात बघायचा? आणि ढकलत राहिलं तर आधीच लोंबणारी झोळी आणखी ताणली जाते.

मग त्यांनी जे विचारलं ते जन्मात विसरणार नाही. "सत्यनारायणाच्या पूजेला बसलाय, पोटात गॅस झालाय, समोर गुरुजी. काय करता?" आवळते, मागचं. "फक्त मागचं. ढुंगणाचे गोळे नको. करा." केलं. "आता तेच पुढं आणा, लघवीच्या वाटेपर्यंत. आणि बटवा असतो ना, पान-सुपारीचा? त्याची नाडी ओढल्यावर तोंड मिटतं आणि बटवा वर उचलला जातो. तसं. श्वास चालू ठेवा, एक ते पाच मोठ्याने म्हणा." मोठ्याने मोजताना श्वास कोंडता येत नाही, म्हणून मोजायचं. आठव्या की नवव्या प्रयत्नाला त्या म्हणाल्या, "हां. हे. हेच." आत काहीतरी अगदी बारीक, चिमणीने पंख हलवावा इतकं हललं होतं. मला वाटलं एवढ्याने काय होणार? त्या म्हणाल्या, "एवढंच आहे आत्ता. पाचपैकी दोन ताकद, तीन सेकंद टिकतंय. इथनं पुढं जाऊ."

नाडी सैल सोडणंही त्यांनी तितकंच घोटवून घेतलं. प्रत्येक आवळण्यानंतर पूर्ण सोडायचं, जितका वेळ आवळलं तितका वेळ. घाईगडबडीत राहणाऱ्या बायकांचं इथेच चुकतं म्हणाल्या, आवळतात आणि अर्धंच सोडतात. सतत आवळलेला स्नायू थकलेलाच असतो.

मग हिशोब. आठ सावकाश, आठ झटपट, दिवसातून तीन वेळा. सावकाश म्हणजे आधी तीन सेकंद, मग पाच, मग दहापर्यंत. पहिले पंधरा दिवस फक्त झोपून. मग बसून, मग उभ्याने, मग उठता-बसता, शेवटी बादली उचलताना. किमान तीन महिने. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस या संस्थेची शिफारसही हीच आहे, तीन महिने, दिवसाला तीन वेळा, दर वेळी किमान आठ, असं लेकीने नंतर शोधून दाखवलं. लेक पुण्याला फार्मसी शिकते, तिला माझा शब्द पुरत नाही. तिनेच वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यातला आकडा वाचून दाखवला: दाबाने सुटणाऱ्या लघवीत हे व्यायाम शिकून करणाऱ्या शंभरातल्या ५६ जणींनी आपण बऱ्या झालो असं सांगितलं, न करणाऱ्यांतल्या सहा जणींनी. मशीनचं पॅकेज घ्यायला हवं होतं का, हेही मी मॅडमना विचारलं. ज्यांना स्नायू अजिबात सापडत नाही त्यांना मशीनच्या पडद्यावर स्नायू आवळलेला बघून मदत होते, म्हणाल्या, पण सरसकट नाही. ब्रिटनमध्ये सहाशे बायकांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये छापून आला, त्यात व्यायामाला मशीन जोडलेल्या आणि न जोडलेल्यांत दोन वर्षांनी फरक दिसला नव्हता. माझे बारा सिटिंगचे पैसे वाचले. इथे पहिल्या भेटीला दीड हजार आणि पुढे आठशे, अशा चार महिन्यांत नऊ भेटी झाल्या. स्वस्त नाही, पण वर्षभराच्या पॅडचा हिशोब केला तर भारीही नाही.

लघवी करता-करता मध्येच धार थांबवायचा सराव मात्र करू नका, असं बजावलं. पिशवी पूर्ण रिकामी होत नाही आणि मेंदूला चुकीचा निरोप जातो. व्हिडिओतली गोड बाई नेमकं तेच करायला सांगायची.

व्यायाम कंटाळवाणे आहेत. हे कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. सूर्यनमस्कारात घाम तरी येतो, इथे काहीच होत नाही. रात्री दिवा मालवून पलंगावर आठ वेळा नाडी ओढायची, नवरा शेजारी घोरतोय. बसून करायचे दिवस आले तेव्हा लोकलला जुंपलं. परतीला स्लो गाडीत बसायला मिळायचं. "पुढील स्टेशन, विक्रोळी" झालं की सावकाश आठ, भांडुपनंतर झटपट आठ. शेजारची बाई मटार सोलतेय, समोरची डुलकी काढतेय, आणि मी चेहरा कोरा ठेवून पाचपर्यंत मोजतेय. ओठ हलतात म्हणून एकीला वाटलं मी जप करते. चांगलं आहे, म्हणाली, आजकाल कोण करतं.

घाईच्या लघवीचं शिक्षण वेगळं. लागली की पळायचं नाही. उलट थांबायचं, शक्य तर कडक जागेवर बसायचं, पाच-सहा वेळा झटपट आवळायचं, मन दुसरीकडे न्यायचं, लाट ओसरली की सावकाश चालत जायचं. खालचा स्नायू आवळला की पिशवीचं आकुंचन आपोआप शांत होतं, अशी ती व्यवस्था आहे. माझी परीक्षा दाराशी. लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकलं की पिशवी जागी व्हायची, किल्लीचा आवाज झाला की उधळायची. पहिल्यांदा मी दारात थांबले तेव्हा किल्ली कुलपात, हात किल्लीवर, आणि मी शंभरातून सात-सात वजा करत उभी: त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. समोरच्या काकूंनी दार उघडून विचारलं, "कुलूप अडकलंय का गं?" हो म्हणाले. बहात्तरला लाट उतरली. आत गेले, चपला काढल्या, पर्स खुंटीला लावली आणि मग चालत बाथरूमला. चालत! कोरड्या कपड्यांनी. त्या संध्याकाळी मी स्वतःसाठी शिरा केला.

दोन वेळांमधलं अंतरही असंच हळूहळू ओढलं, आठवड्याला पंधरा-पंधरा मिनिटं. "असू दे, जाऊन येते" बंद. पाणी दिवसभरात घोट-घोट, रात्री झोपण्याआधीचे दोन तास कमी. चहा पाचावरून दोनवर आला. त्याचा मला व्यायामापेक्षा जास्त त्रास झाला. पोट साफ व्हावं म्हणून कमोडसमोर पायाखाली पाट ठेवायला शिकवलं, गुडघे कमरेच्या वर आले की जोर लागत नाही. आणि बाहेरच्या कमोडवर अधांतरी लटकत बसायचं नाही. मांड्या ताणलेल्या असताना झोळी सैल पडत नाही, थोडी लघवी आत राहते. एक तर पुसून नीट बसा, नाही तर भारतीय पद्धतीचं शोधा.

आणि ठसका. स्वयंपाकघरात हिरव्या मिरचीची फोडणी पडली की ठसका येणार हे अर्धा सेकंद आधी कळतं. तेवढ्या अर्ध्या सेकंदात नाडी ओढायची. आधी आवळ, मग खोक. हे डोक्यात ठेवून जमत नाही, अंगात मुरावं लागतं. मी तर मुद्दाम फोडण्या दिल्या. नवरा म्हणाला, हल्ली सगळ्यातच मिरची का?

पाचव्या आठवड्यात मी सोडून देणार होते. आकडे हलेनात. त्यात जानेवारीची धूळ, खोकला बसला आणि दहा दिवस सगळं मूळपदावर. भेटीला गेले ते तोंड पाडून. मॅडमनी तपासलं. ताकद तीनवर, सहा सेकंद. "आत सुधारलंय. बाहेर दिसायला अजून वेळ आहे," म्हणाल्या, आणि खोकल्याला आधी औषध घ्या म्हणून पिटाळलं. फुकटची फुशारकी मारणारी बाई नव्हे ती, म्हणून विश्वास ठेवला. फरक खरा जाणवला तो मार्चमध्ये, तोही उशिरा लक्षात आला. एका शुक्रवारी पॅड बदलायला गेले तर सकाळचं कोरडं. आठवून बघितलं तर गुरुवारचंही. एप्रिलमध्ये शेवटची तपासणी झाली तेव्हा पाचपैकी चार, दहा सेकंद, आणि तक्त्यावर दिवसाला सात वेळा. आता रोज एकदाच करायचे, पण करायचे. सोडले तर सैल पडणार, जसा कुठलाही स्नायू पडतो.

सगळं संपलंय असं नाही. सलग तीन शिंका आल्या तर तिसरीचा अजून भरवसा नाही. बाहेरगावी जाताना पातळ पॅड लावते. अंग बाहेर आलेल्या, किंवा चिरफाड जास्त झालेल्या बायकांना याने पुरत नाही, त्यांना आधाराची रिंग किंवा ऑपरेशन लागतं, हे मॅडमनीच सांगितलं होतं. लघवीत रक्त दिसलं, पाय बधिर वाटले तर व्यायामाच्या नादी न लागता थेट डॉक्टर गाठायचा, हेही.

यंदा मंगळागौर पुन्हा दादरलाच झाली. साडी जांभळी नेसले, एवढी सावधगिरी राहिलीच. बसफुगडी खेळले, चार झटके, मग खरंच गुडघा दुखला. फराळाच्या वेळी जाऊबाई शेजारी येऊन बसल्या. ताटलीतल्या करंजीचे नुसते तुकडे करत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "गेल्या वर्षी तुमचा पाय... तसं मलाही होतं हो. त्या दिवशीही झालं होतं."

म्हणजे आम्ही दोघी समोरासमोर, हात धरून, एकाच वेळी.

मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि सत्यनारायण, बटवा, नाडी सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून करून दाखवलं. खांदे कानाला लागले, गाल फुगले, श्वास कोंडला. बरोबर आहे का, त्यांनी विचारलं. मला काय दिसणार? मी म्हटलं, वहिनी, हे माझ्याच्याने सांगून व्हायचं नाही. तिथेच ओट्याशी उभी राहून दवाखान्यात फोन लावला. शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाची वेळ मिळाली आहे. मी बरोबर जाणार आहे, बाहेर बाकावर बसायला. घरी विचारलं तर वहिनींचा पाय मुरगळला आहे.